सिस्टरचं रजिस्ट्रेशन कारखान्याचंही आहे

एमआयडीसीतल्या सगळ्या प्लांट हेड, एचआर मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर आणि ओएचसीला स्टाफ पुरवणाऱ्या एजन्सीवाल्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स आहे, सुरुवातीची सहा वर्षं हॉस्पिटलला काढली आणि त्यानंतर गेली तेरा वर्षं कारखान्यांच्या ओएचसीत (ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर), म्हणजे कामगार ज्याला अजूनही दवाखाना किंवा फर्स्ट एड रूम म्हणतात तिथे, काम करतेय. तीन कारखाने झाले आतापर्यंत. तुम्हा सगळ्यांना एकत्र लिहितेय कारण जे माझ्या बाबतीत झालं ते कुठल्या एका कंपनीचं दुखणं नाही, माझ्या ओळखीच्या पाच-सहा सिस्टर आणि ब्रदर (पुरुष नर्स) यांनी हेच सांगितलंय, फक्त कंपनीच्या गेटचा रंग वेगळा. आणि मला कुणाचं नाव घेऊन बदनामी करायची नाहीये, मला एवढंच हवंय की हे वाचून झालं की तुम्ही तुमच्या ओएचसीतल्या नर्सच्या नर्सिंग कौन्सिलकडच्या रजिस्ट्रेशनची तारीख एकदा बघावी.

काय झालं ते सांगते. मार्च महिना होता, आयएसओ 45001 चं, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं आणि आरोग्याचं, ऑडिट लागलेलं, आठ दिवस आधीपासून सगळे धावपळ करत होते, पिवळे पट्टे परत रंगवले, फायर एक्स्टिंग्विशरचे टॅग बदलले, ओएचसीतल्या औषधांच्या एक्स्पायरी मी स्वतः दोनदा चेक केल्या. ऑडिटर साहेब वयस्कर होते, शांत होते, त्यांनी ऑक्सिजन सिलिंडरचं प्रेशर बघितलं, स्ट्रेचर बघितलं, हेल्थ रजिस्टर चाळलं आणि मग म्हणाले सिस्टर तुमची फाइल दाखवा. फाइलमध्ये माझं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि जिथे व्हॅलिडिटी लिहिलेली असते तिथे थांबले. चार महिने उलटून गेले होते. ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. मी शेल्फवर एका पॅरासिटामॉलच्या स्ट्रिपची तारीख चुकू दिली नव्हती आणि माझीच तारीख गेलेली.

मला माहीत नव्हतं असं नाही, मी खोटं बोलणार नाही. पाच वर्षांनी रिन्यूअल असतं आणि त्यासाठी कंटिन्युइंग नर्सिंग एज्युकेशनचे, आम्ही सीएनई म्हणतो, पाच वर्षांत 150 तास भरावे लागतात, म्हणजे वर्षाला साधारण 30. माझे 104 झाले होते. उरलेल्यासाठी मी दोन वर्कशॉपना नाव घातलं होतं, एकाचे पैसेही भरले होते, दोन्ही वेळेला आदल्या दिवशी संध्याकाळी सांगण्यात आलं की रिलिव्हर, म्हणजे बदली नर्स, नाहीये, ओएचसी रिकामी ठेवता येणार नाही, पुढच्या महिन्यात जा. बरोबरच आहे ओएचसी रिकामी ठेवता येत नाही, मी पण ठेवली नसती. पण पुढचा महिना आला की शटडाऊन, त्याच्या पुढे ॲन्युअल मेडिकल, अकराशे माणसांचं ब्लड आणि ऑडिओमेट्री (कानाची तपासणी) आणि पीएफटी (फुफ्फुसांची तपासणी), आणि असं करत करत तारीख निघून गेली. माझी चूक ही की मी तेव्हा लेखी काही दिलं नाही, तोंडी विचारलं आणि तोंडी नाही ऐकून घेतलं.

ऑडिट झालं आणि दुसऱ्या दिवशी मला ओएचसीतून काढून टाइम ऑफिसला बसवलं, रिन्यूअल होईपर्यंत. हे मला तेव्हा लागलं खूप, पण नियमाला धरूनच होतं, ज्याचं रजिस्ट्रेशन चालू नाही त्याने नर्स म्हणून इंजेक्शन देऊ नये, टाका ड्रेसिंग करू नये, मला ते मान्य आहे. लागलं ते एचआरचं एक वाक्य, सिस्टर हे तुमचं पर्सनल डॉक्युमेंट आहे, तुम्हीच सांभाळायला पाहिजे होतं.

पाच आठवडे बसले मी तिथे, हजेरीचे कागद लावत. त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात प्लेटिंग शॉपमध्ये डीग्रीजिंगच्या टाकीवर एका पोराच्या डोळ्यात कॉस्टिकचं पाणी उडालं. टाइम ऑफिसपासून ती लाइन फार लांब नाहीये, ओरडणं मला ऐकू आलं. मी पोचले तेव्हा फर्स्ट एडर त्याला आयवॉशवरून उठवून खुर्चीत बसवत होता, दोन मिनिटं धुतलं होतं त्याने आणि आता ड्रॉप टाकून गाडीत घालायचं असं चाललेलं. फर्स्ट एडरचा दोष नाही, तो मेंटेनन्सचा फिटर आहे, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालंय त्याचं, घाबरला होता बिचारा. पण कॉस्टिक म्हणजे अल्कली, अल्कली ॲसिडपेक्षा वाईट कारण ती डोळ्यात आत आत शिरत जाते, दोन मिनिटांनी काही होत नाही, सलग वीस मिनिटं तरी धुवावं लागतं आणि पापणी उलटी करून धुवावं लागतं आणि पेशंट डोळा उघडू देत नाही कारण प्रचंड आग होते. मी त्या पोराला परत आयवॉशवर नेला, मान धरली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि घड्याळ बघत वीस मिनिटं धरून ठेवला, माझी साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत भिजली, त्याने एकदा माझा हात एवढा दाबला की वळ उठले. मग हॉस्पिटलला पाठवला. डोळा वाचला त्याचा, आजही कामावर येतो, चष्मा नाहीये.

संध्याकाळी ॲक्सिडेंट रजिस्टर भरायची वेळ आली. प्रथमोपचार कोणी दिले ह्या रकान्यात माझं नाव लिहायचं नाही असं ठरलं, फिटरचं लिहिलं. मला कोणी वाईट बोललं नाही, उलट थँक्यू म्हणाले. पण मी घरी आले आणि जेवले नाही त्या दिवशी. जे मला येतं ते मी केलं आणि कागदावर मी तिथे नव्हतेच.

म्हणून पर्सनल डॉक्युमेंट ह्या शब्दावर मला बोलायचंय.

ओएचसी ही काही कंपनीने हौसेने ठेवलेली सोय नाहीये. फॅक्टरी ॲक्ट 1948 चं कलम 45 बघा, पाचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर ॲम्ब्युलन्स रूम पाहिजे आणि ती ठरवून दिलेल्या मेडिकल आणि नर्सिंग स्टाफच्या ताब्यात पाहिजे असं त्यात लिहिलं होतं. 1984 ला भोपाळ झालं, त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांचं अख्खं नवीन प्रकरण ॲक्टमध्ये घातलं गेलं, कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड ठेवायचं आणि ते त्याने मागितलं तर त्याला दाखवायचं, हे तिथून आलं. आता त्या ॲक्टच्या जागी 2020 ची सेफ्टी आणि हेल्थची नवीन संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय, त्यातही पाचशेचा आकडा आणि ॲम्ब्युलन्स रूम आहेच, शिवाय ठराविक कामगारांची वर्षातून एकदा फुकट तपासणी करून द्यायची जबाबदारी मालकावर आहे. आता ही तपासणी करतं कोण हो? डॉक्टर साहेब रिपोर्टवर सही करतात, बऱ्याच ठिकाणी ते आठवड्यातून दोनदा दोन तास येतात. ब्लड काढणं, बीपी, ऑडिओमेट्रीच्या बूथमध्ये माणूस बसवणं, फोर्कलिफ्ट आणि क्रेनवाल्यांची नजर आणि रंगांधळेपणा तपासणं, पीएफटीला फुंकर नीट मारायला लावणं, हे सगळं नर्स करते. नर्सचं नाव रजिस्टरवर चालू नसेल तर त्या प्रत्येक कागदाला उद्या कोणीही बोट दाखवू शकतं. मग सांगा, हा कागद एकट्या सिस्टरचा कसा?

अजून एक. 2023 ला नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशनचा कायदा पास झाला, 1947 च्या जुन्या कौन्सिलच्या कायद्याच्या जागी. त्यात देशभराच्या नर्सेसचं ऑनलाइन आणि लाइव्ह रजिस्टर ठेवायचं असं लिहिलंय. म्हणजे पुढे लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटला फार अर्थ राहणार नाही, रजिस्टरवर आज काय दिसतं ते खरं. म्हणून आत्तापासून सवय लावून घेतलेली बरी.

आता काही जण म्हणतील हे सीएनई बिएनई सगळं तास भरायचं नाटक असतं, सर्टिफिकेट घ्यायचं आणि जेवून यायचं. काही ठिकाणी असेलही तसं. पण मला एका वर्कशॉपने काय दिलं ते सांगते. फोर्जिंगला, म्हणजे तापलेलं लोखंड हॅमरने ठोकून आकार देतात त्या कारखान्यात, होते मी तेव्हा. हॅमर शॉप म्हणजे तिथे उभं राहून बोलता येत नाही, खुणांनी बोलतात. आम्ही ऑडिओमेट्री शिफ्ट सुटताना करायचो कारण प्रॉडक्शनवाले मधे माणूस सोडत नाहीत, आणि रिपोर्ट दरवर्षी खराब यायचे आणि मग कोणीतरी म्हणायचं मशीनचं कॅलिब्रेशन गेलंय, आणि ते रिपोर्ट बाजूला पडायचे. एका रविवारी कानावरच्या सेशनला गेले तिथे मॅडमनी सांगितलं की आवाजातून थेट आलेल्या माणसाचा कान तात्पुरता बधिर झालेला असतो, निदान 14 ते 16 तास शांततेत घालवल्यावर टेस्ट करायची, म्हणजे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, आणि आवाजाने जाणारा कान आधी 4000 हर्ट्झला जातो, बोलणं ऐकू येत असतं म्हणून माणसाला कळतच नाही. सोमवारी मी डॉक्टर साहेबांशी बोलले, आम्ही टेस्ट सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी घ्यायला लागलो. अर्ध्याहून जास्त लोकांचे ग्राफ सुधारले. आणि जे नाही सुधारले ते अकरा जण, सगळ्यांना 4000 ला खड्डा, सगळे हॅमरवर दहा-पंधरा वर्षं. आधी सगळेच खराब म्हणून कोणाकडेच लक्ष गेलं नव्हतं. आता ते अकरा जण डोळ्यासमोर आले, त्यातले सात जण दुसऱ्या लाइनला गेले, बाकीच्यांना चांगले इअरमफ मिळाले. त्यातल्या एका काकांनी मला सांगितलं की घरी टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण व्हायचं, त्यांना वाटायचं बायको मुद्दाम कमी करते.

हे मला नोकरीवर कोणी शिकवलं नसतं. ओएचसीत नर्स एकटी असते. हॉस्पिटलला बाजूला सिनिअर सिस्टर असते, वॉर्ड इनचार्ज असते, चुकलं तर कोणीतरी हात धरतं. इथे मीच स्टाफ आणि मीच मेट्रन. चुकीची सवय लागली तर ती दहा वर्षं तशीच चालते. त्यामुळे ज्यांना शिकायला बाहेर जायची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच बाहेर सोडत नाहीत, हे उलटं झालंय.

आणि विषयांबद्दल कौन्सिलला आणि नर्सिंग कॉलेजांनाही जाता जाता एक विनंती, कार्यक्रमांमधे आयसीयू, लेबर रूम, इन्फेक्शन कंट्रोल हे असतंच आणि ते पाहिजेच, पण कधीतरी सिलिकोसिस (धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार), लेड (शिसं), आवाज, उष्णता, शिफ्टची झोप, ह्यावरही ठेवा. सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑक्युपेशनल हेल्थ आहे, शिकवणारी माणसं देशात आहेत. आणि त्या तासांना सीएनईत धरलं तर आमच्यासारख्यांचं दोन्ही काम होईल.

माझी बॅचमेट इंग्लंडला गेली, तिकडे एका कारखान्याचीच ऑक्युपेशनल हेल्थ नर्स आहे. तिचं तिकडच्या कौन्सिलचं रिव्हॅलिडेशन दर तीन वर्षांनी येतं, 450 तास प्रॅक्टिस दाखवायची, 35 तास शिक्षण, त्यातले 20 तास दुसऱ्या लोकांबरोबर बसून, आणि पाच वेळा स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं, काय केलं, त्यातून काय शिकले, पुढे काय बदललं. तिला मी हा डोळ्याचा किस्सा सांगितला तर ती म्हणाली हे तू लिहून काढ, आमच्याकडे असतीस तर हे तुझं एक लिखाण झालं असतं. तिच्या मॅनेजरच्या कॅलेंडरला तिची तारीख टाकलेली असते, सहा महिने आधीपासून तो विचारायला लागतो कुठवर आलं. मला हेवा वाटला तो ह्या एकाच गोष्टीचा, पगाराचा नाही.

एजन्सीवाल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगायचंय. आज बऱ्याच ओएचसी कॉन्ट्रॅक्टवर आहेत. कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं, नर्स पाच वर्षांच्या चक्रात. पहिला एजन्सीवाला म्हणतो अजून चार वर्षं आहेत, दुसरा म्हणतो मागच्याने बघायला पाहिजे होतं, आणि कंपनी म्हणते ही आमची एम्प्लॉयी नाही. तुम्ही जॉइनिंगला सर्टिफिकेटची झेरॉक्स घेता, ती फाइलला लागते, पुन्हा कोणी उघडत नाही. केरळच्या किंवा कर्नाटकच्या पोरी येतात, हुशार असतात, त्यांचं रजिस्ट्रेशन त्यांच्या राज्याचं असतं, इथे काम करायचं तर इथल्या कौन्सिलला रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन (दुसऱ्या राज्याच्या रजिस्ट्रेशनवरून इथली नोंदणी) करावं लागतं, हे त्यांना जॉइन होताना नीट सांगत जा आणि कागद काढायला मदत करा. नवीन गावात, भाषा येत नाही, रूम शोधायची, त्यात हे कुठे बघणार त्या. आणि कृपा करून जिथे नर्स पाहिजे तिथे सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या मुलीला पांढरा कोट घालून बसवू नका. ती मुलगी पण अडचणीत येते, कामगार पण.

माझं मागणं फार मोठं नाहीये. वर्षातून चार-पाच दिवस सीएनईसाठी ड्यूटी लीव्ह, पगारी, आणि त्या दिवसाचा रिलिव्हर आधी ठरलेला, आदल्या संध्याकाळी शोधायचा नाही. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक रिलिव्हर नर्स ठेवली तरी भागेल, आमच्या लाइनीत तीन ओएचसी आहेत एक किलोमीटरच्या आत. क्रेनचं टेस्टिंग, बॉयलरचं सर्टिफिकेट, कंपनीच्या गाड्यांचा इन्शुरन्स, ह्या सगळ्याच्या तारखा सेफ्टी ऑफिसरच्या बोर्डवर लिहिलेल्या असतात, त्याच बोर्डवर नर्सच्या रजिस्ट्रेशनची तारीख पण लिहा, सहा महिने आधी लाल करा. रिन्यूअलची फी कंपनीने भरली तर चांगलंच, नाही भरली तरी आम्ही भरतो, प्रश्न पैशांचा कमी आणि दिवसांचा जास्त आहे. एजन्सी बदलली तर नर्सच्या सीएनईच्या तासांचा हिशोब नव्या एजन्सीला लेखी द्या.

आणि माझ्या सिस्टर आणि ब्रदरनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर, लीव्ह लेखी मागा. नाही म्हणाले तर नाही पण लेखी घ्या. सर्टिफिकेटं फोनमध्ये नाही, एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येकाचे तास पहिल्या पानावर पेनाने लिहीत जा, बेरीज दिसली की आपोआप जीव लागतो. मी आता तसंच करते. माझे ह्या चक्रात 38 झालेत, दीड वर्षात.

शेवटी एक ताजी गोष्ट आहे आणि खरं तर तिच्यामुळेच आज लिहायला बसले. आमच्या शेजारच्या कारखान्यात एक ब्रदर आहे, सत्तावीस वर्षांचा, नाइट शिफ्ट तोच सांभाळतो, रात्री बोट तुटलेला माणूस आला तर तुटलेलं बोट ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर, बर्फाला थेट लावायचं नाही, एवढं ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल असा पोरगा. त्याची व्हॅलिडिटी डिसेंबरला संपतेय आणि त्याचे 131 तास झालेत. ह्या महिन्यात दोन दिवसांचं एक वर्कशॉप आहे, गुरुवार-शुक्रवार, आणि पुढच्या महिन्यात अजून एक. त्याने ह्या वेळेला लीव्हचा अर्ज लेखी दिलाय, दोन्ही तारखा घालून, रिलिव्हर म्हणून माझं नाव लिहून, मी माझ्या डे शिफ्टनंतर त्याची रात्र करायला तयार आहे असं माझ्या सहीचं पत्र जोडून. सलग शिफ्ट करणं बरोबर नाही हे मला कळतं, दुसरं कोणी मिळालं तर मी आनंदाने मागे होईन. तो अर्ज गेल्या सोमवारपासून तुमच्यापैकी एका साहेबांच्या टेबलावर आहे.

साहेब, त्याच्यावर सही करा.

आपली,
ओएचसीतली एक सिस्टर